अमावास्येला आणलेले हंस

बेळगावच्या शहापुरात माग बंद ठेवायचा दिवस अमावास्या. विणकर त्या एका दिवशी मागाच्या खड्ड्यातून पाय वर काढायचा. सुताची दुकानंही त्या दिवशी बंद असत, कारण गिऱ्हाईक नसे. मी अशाच एका दुकानात कामाला होतो. त्यामुळे अण्णाला आणि मला एकाच दिवशी सुट्टी मिळायची.

अण्णा माझा थोरला भाऊ, सहा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा घरात चार माग होते. मला लहानपणी मागावर बसवून पाहिलं होतं, पण माझ्या हातून धागे फार तुटत. म्हणून मला मोजायला बसवलं. काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवायची, किती धागे उचलायचे आणि किती सोडायचे ते ठिपक्यांनी दाखवायचं, हे काम माझं. दुकानात लागलो तरी घरच्या मागांचे कागद मीच काढत होतो. मोजण्यात माझी चूक होत नसे. हे फुशारकीनं सांगत नाही. पुढे जे घडलं ते समजायला हे माहीत असावं लागतं.

सत्तरीच्या दशकात यंत्रमागाच्या साड्या बाजारात भरल्या. आमचा जो काठ विणायला अण्णाला तीन दिवस लागत, तो यंत्रावर किती वेळात निघतो ते मी एकदा निपाणीच्या पलीकडे जाऊन घड्याळ लावून पाहिलं होतं. तो आकडा मी अण्णाला कधी सांगितला नाही. काम नाही म्हणून घरातला पहिला माग मोडला त्या वर्षी खडेबाजारातल्या व्यापाऱ्यानं अण्णाला स्पष्टच सांगितलं, "हे जुने काठ आता मला नकोत. यंत्रावरचे ढीग पडलेत. बाजारात कुणाकडं न्हाय असा काठ आणा, तर माझं सूत तुमच्या मागावर चढंल. न्हायतर दुसरं काम बघा."

असा काठ कुठून आणायचा, हा प्रश्न घेऊन अण्णानं माझे सगळे जुने कागद चाळले. उत्तर मिळालं ते घरापासून चालत वीस मिनिटांवर. वडगाव-माधवपूरला विद्यापीठाची माणसं जुनं गाव उकरत होती. दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली म्हणून लोक बघायला जायचे. एका अमावास्येला आम्हीही गेलो. चौकोनी खड्डे, काठावर दोऱ्या ताणलेल्या, प्रत्येक थराला चिठ्ठी. मला ते काम बघताक्षणी आवडलं. खड्ड्याच्या कडेला टोपी घातलेला एक माणूस टोपलीतल्या वस्तू निवडत होता. त्यानं मातीची एक भोक पडलेली चकती हातात धरली होती.

अण्णा म्हणाला, "चाती हाय ओ ती. सूत काताय लागते."

तो माणूस हसला. "आम्ही पण तेच लिहिलंय. तुम्ही विणकर काय?"

"व्हय. पण ही चाती वापरणाऱ्या बाईला डावा हात सोयीचा होता बघा. झीज कुणीकडं हाय बघा की."

ते खरं की खोटं मला माहीत नाही, पण त्या माणसानं चकती वळवून पाहिली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग त्यानं आम्हाला एक खापराचा तुकडा दाखवला. त्यावर ठशाची नक्षी होती. अण्णा तो तुकडा हातात घेऊन खाली बसला. चौकटीत चौकट, मध्ये ठिपका. आमच्या रुईफुलाच्या काठाशी ती नक्षी इतकी जुळत होती की मी मनातल्या मनात धागे मोजायला लागलो.

"म्हंजे आमचं रुईफूल ह्यांच्याकडनं आलं," अण्णा परतताना म्हणाला. "एक आलं तर बाकीचं कुठं गेलं? ऱ्हायलेलं आसंल की कुठंतरी दगडावर."

तिथून जुन्या देवळांवरची नक्षी शोधायच्या आमच्या सहली सुरू झाल्या. सकाळी निघायचं, संध्याकाळी दिवा लागायच्या आत परत. दुसऱ्या दिवशी पहाटे माग सुरू व्हायचा असल्यानं मुक्काम शक्य नव्हता. तीन वर्षांत सदतीस अमावास्या आल्या. पावसाळ्याच्या बारा सोडल्या, सुतकात तीन गेल्या. उरलेल्या बावीसही वेळा आम्ही गेलो. वहिनी प्रत्येक वेळी भाकरी बांधून देताना तेच बोलायची.

"आवसेला कोण परगावाला जातं? लोकं घराबाहेर पाय टाकत न्हाईत, आन् हे दोघं पडक्या देवळात."

"मग पौर्णिमेला माग बंद ठेव म्हण की तुझ्या व्यापाऱ्याला," अण्णा म्हणायचा.

हलशीच्या जुन्या देवळांत आम्ही चार वेळा गेलो. बेळगावच्या किल्ल्यातल्या बस्तीचं, म्हणजे जैन देवळाचं, छत मी मान वर करून इतका वेळ मोजलं की दोन दिवस मान आखडली होती. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात रोमन लोकांच्या देशातून आलेल्या पितळी वस्तू सापडल्या होत्या आणि त्या तिथल्या संग्रहालयात ठेवल्या होत्या, असं टोपीवाल्यानं सांगितलं होतं. आम्ही पहाटेची एसटी धरली. निपाणीत गाडी बदलली. कोल्हापुरात पोचलो तर संग्रहालय बंद. अमावास्या सोमवारी आली होती आणि सोमवारी त्यांची सुट्टी. पंचांग मी महिनाभर आधी पाहिलं होतं, तिथी पाहिली होती, पण वार पाहिला नव्हता. आमच्याकडे वार बघायची सवयच नव्हती. पहारेकरी म्हणाला, "सोमवती आवस हाय, नदीवर आंघोळ करा आन् जावा." अण्णा खरंच पंचगंगेवर जाऊन पाय धुऊन आला.

पुढच्या अमावास्येला परत गेलो. पितळेचा एक समुद्रदेव होता, वीतभर उंचीचा, हात उगारलेला. शेजारी भांडी. माहितीच्या पाटीवर लिहिलं होतं की रोमन लोक इकडून सुती कापड नेत असत.

अण्णानं काचेला नाक लावलं. "कापड नेलं आन् ह्ये बाहुलं दिलं?"

"आणखी भांडी पण दिली," मी म्हणालो.

"त्यांच्या बायका आमचं कापड नेसत हुत्या म्हंजे. आन् आता शेजारची न्हाय नेसत." मग काचेवरची वाफ पुसून, "ह्याच्या अंगावर तर कापडच न्हाय रं. सगळं विकून टाकलं वाटतं."

बाहेर आल्यावर तो हसला नाही. त्या वर्षाच्या शेवटी दुसरा माग मोडला, पुढच्या वर्षी तिसरा. प्रत्येक वेळी मी एक-दोन नवे काठ कागदावर काढून व्यापाऱ्याकडे नेत होतो. वेली, कमळं, साखळ्या. तो कागद लांब धरून पाहायचा आणि म्हणायचा, "हे कुठंतरी बघिटल्यासारखं वाटतं." त्याचं बरोबर होतं. दगड कोरणारे आणि आम्ही एकाच पेठेतले म्हणावे इतकं सगळं ओळखीचं होतं.

हंस सापडले ते एकविसाव्या सहलीत. सकाळची पॅसेंजर धरून आम्ही गुंजीला उतरलो. स्टेशनवरच्या चहावाल्यानं रानात एक पडकं देऊळ असल्याचं सांगितलं. तांबड्या दगडाच्या वाटेनं मी एकूण साडेसहा हजार पावलं मोजली, म्हणजे पाच किलोमीटरच्या आत. देऊळ लहान होतं. कळस नव्हता, आत मूर्ती नव्हती, दारातून झाड आलेलं. पण जोत्याभोवती कमरेच्या उंचीवर एक पट्टी होती आणि त्या पट्टीवर हंस चालले होते. एकामागे एक, चोच पुढे, एक पाय उचललेला. उत्तरेची बाजू ढासळली होती. उरलेल्या तीन बाजूंवर एकसष्ट हंस भरले. त्यातल्या एकानं मान मागे वळवली होती.

"ह्यो तिकीट इसरलाय घरात," अण्णा म्हणाला.

त्या दिवशी अण्णा जितका बोलला तितका पुढे कधी बोलला नाही. त्यानं प्रत्येक हंसावरचं शेवाळ बोटानं काढलं. मी पातळ कागद लावून पेन्सिल घासली, गाठी मारलेल्या दोऱ्यानं मापं घेतली. वहीत लिहिलं : सर्व हंस देवळाला प्रदक्षिणा घालत आहेत, समोरून पाहणाऱ्याच्या उजवीकडून डावीकडे. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि ते वाक्य तिच्यात आहे.

घरी येऊन मी हंस कागदावर बसवला. उंचीला बावीस धागे, लांबीला चौतीस, पुढच्या हंसापर्यंत अठरा मोकळे. एका हंसाला एक इंच. मागावर धागे उचलणाऱ्या लाकडी डॉबीला बावन्न पट्ट्या लावायच्या आणि ठिपका असेल तिथे खुंटी ठोकायची. खुंट्या ठोकण्याआधी अण्णानं एकच विचारलं.

"तोंड कुणीकडं?"

"पदराकडं."

"व्हय. पदराकडंच पायजे."

हे एवढंच बोलणं झालं. आमच्या घरातले जुने काठ दोन्ही बाजूंनी सारखे असत. रुईफुलाला तोंड नसतं. तोंड असलेलं काही विणायची पाळी आमच्या वडिलांवरही आली नव्हती. पदर हे साडीचं डोकं, तेव्हा हंसांनी डोक्याकडे जावं, असा मी विचार केला आणि वहीतलं वाक्य पुन्हा वाचलं नाही.

व्यापाऱ्यानं कागद पाहिला आणि पहिल्यांदाच तो लांब धरला नाही. त्यानं एका ताण्याचं सूत दिलं. चार साड्यांचं. म्हणाला, "निपाणीच्या एका शेतकरी घरात लग्न हाय. त्यांस्नी येगळं पायजे. पसंत पडलं तर वर्षभर तुमचे माग ह्याच्यावर चालवा." माग एकच उरला होता. आम्ही ते त्याला सांगितलं नाही. अण्णानं मोडलेल्या मागांची लाकडं अजून माळ्यावर ठेवली होती. चार साड्या पसंत पडल्या तर ती खाली उतरवायची, असं त्यानं वहिनीला सांगितलं. वहिनीनं माळ्यावरची धूळ झाडली.

नऊ वारी साडी म्हणजे तीनशे चोवीस इंच. एका काठाला तीनशे चोवीस हंस, दोन काठांना सहाशे अठ्ठेचाळीस. चार साड्यांत दोन हजार पाचशे ब्याण्णव. मी ते सगळे तपासले. एकाचाही पाय चुकला नव्हता. साडी मागावरून उतरली की आमच्याकडे ती घडी करून ठेवतात. विकायचं लुगडं घरातल्या बाईनं अंगाला लावायचं नाही, हा आमच्या आईच्या आधीपासूनचा रिवाज. वहिनीनं घडीवरून हात फिरवला, तेवढंच.

निपाणीला बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याच्या तिथल्या दुकानात लग्नघरची मंडळी आली. आम्ही दोघं कोपऱ्यात उभे. तंबाखूच्या हंगामात पैसा आलेली माणसं, आवाज मोठा. साडी उलगडली तेव्हा सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. "काय पाखरं हाईत बघा!" "चालत्यात गं खरंच!" अण्णानं माझा हात धरला होता. तो माझा हात कधी धरत नसे.

नवरीची चुलती उभी राहिली आणि तिनं ती साडी नेसलेल्या साडीवरूनच गुंडाळून दाखवली. सगळ्या बघत होत्या. एक म्हातारी गादीवर बसली होती, नवरीची आजी, म्हणजे चुलतीची सासू असावी. तिचे डोळे काठाच्याच उंचीला होते. ती म्हणाली, "फिर गं जरा."

चुलती फिरली.

"थांब. पाखरं कुणीकडनं चालल्यात?"

"कुणीकडनं म्हंजे, आत्ती?"

"डावीकडनं उजवीकडं चालल्यात की. उलटी फिरत्यात." म्हातारीनं हवेत बोट फिरवून दाखवलं. "असं देवाला फिरत्यात व्हय? असं मढ्याला फिरत्यात."

चुलतीनं साडी अशी सोडली की ती पायाशी ढीग होऊन पडली.

मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. बाई साडी नेसते तेव्हा पदर तिच्या उजव्या कमरेवरून पुढून डावीकडे जातो, मग पाठीमागून. बघणाऱ्याला तो डावीकडून उजवीकडे जाताना दिसतो. पदराकडे तोंड केलेली प्रत्येक गोष्ट बाईभोवती उलटी फिरणार. हंसांची तोंडं पदराच्या विरुद्ध बाजूला हवी होती. पन्नास वर्षं आमच्या घरात साड्या विणल्या जात होत्या आणि आम्ही पुरुषांनी साडी फक्त आडवी पसरलेली पाहिली होती. उभ्या बाईभोवती ती कुठून कुठे जाते हे मला मोजावंसं वाटलं नव्हतं. वहिनीला विचारलं असतं तर तिनं हातातलं काम न सोडता सांगितलं असतं.

अण्णा पुढे झाला. "आज्जी, बावन्न पट्ट्या उलट्या क्रमानं लावल्या की सरळ फिरत्यात. पंधरा दिवसांत दुसऱ्या चार आणून देतो."

म्हातारी वाईट बाई नव्हती. ती अण्णाला म्हणाली, "बाबा, तुझा हात चांगला हाय. पण लग्नाचं कापड हाय रं. एकदा मनात आलं की आलं." मग तिनं विचारलं, "कुठनं काढली ही पाखरं?"

अण्णाला खोटं बोलता येत नसे. "रानातल्या पडक्या देवळातनं. आवसेला."

त्यानंतर त्या घरच्यांनी दुकानात पाणीही घेतलं नाही.

व्यापाऱ्यानं चारही साड्या ठेवून घेतल्या आणि आम्हाला पुन्हा सूत दिलं नाही. अण्णा दोनदा खडेबाजारात जाऊन आला. तिसऱ्यांदा मी गेलो. व्यापारी म्हणाला, "गावभर झालंय ते. माझ्या दुकानाचं नाव जातंय. थोडं थांबा." आम्ही थांबलो. त्या महिन्यातली अमावास्या आली तेव्हा अण्णा म्हणाला, जाऊया. ती बाविसावी आणि शेवटची सहल. पुन्हा गुंजीला गेलो. अण्णानं देवळाला एक फेरी घातली, हंसांबरोबर. मग जिथे मान वळवलेला हंस होता तिथे तो बसला आणि भाकरी न खाता परत निघाला. मी काहीही मोजलं नाही.

पुढच्या लग्नसराईत खडेबाजारात हंसाचा काठ आला. यंत्रावरचा. हंस बावीसऐवजी सोळा धाग्यांत बसवलेला, मान जाड, उचललेला पाय नाही. पण तोंडं बरोबर दिशेला. मी दुकानाबाहेर उभा राहून बराच वेळ पाहिलं. आमच्या चारांपैकी एक साडी कुणा यंत्रमागवाल्याकडे गेली असेल ते समजलं. कुणाला विचारायला गेलो नाही. दगडावरचे हंस आमचेही नव्हते.

मी हे पुष्कळदा मांडून पाहिलं आहे. समजा माझी चूक झाली नसती. चार साड्या गेल्या असत्या. वर्षभर सूत मिळालं असतं. मग यंत्रावर हंस आलेच असते, आठ महिन्यांत किंवा अकरा महिन्यांत. माळ्यावरची लाकडं खाली उतरली असती आणि परत वर गेली असती. कुठल्याही बाजूनं मांडलं तरी शेवटी एकही माग शिल्लक राहत नाही. यानं माझी चूक लहान होते का, तर होत नाही. आठ महिने म्हणजे आठ महिने.

अण्णा त्याबद्दल मला एक अक्षर बोलला नाही. वहिनी एकदाच बोलली. "मला का न्हाय इचारलं, भावजी?"

तोवर वडगावचं खोदकाम केव्हाच संपलं होतं. त्यांनी मापं घेतली, चित्रं काढली आणि खड्डे पुन्हा मातीनं भरून टाकले. मी एकदा तिथून जाताना पाहिलं तर जागा सपाट झाली होती. टोपीवाल्यानं आधी सांगितलं होतं की असंच करतात, उघडं ठेवलं तर पावसानं नासतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अण्णा निपाणीकडच्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये लागला. वय पन्नासच्या जवळ. जाण्याआधी शेवटचा माग सोडवला. खड्डा तसाच राहिला. वहिनी म्हणाली, पोरंबाळं पडतील, भरून घ्या. आम्ही दोघांनी भरायला घेतला. मी आधी माप घेतलं होतं : लांबी चार फूट, रुंदी अडीच, खोली दोन. वीस घनफूट. एका बुट्टीत अर्धा घनफूट माती धरली तर चाळीस बुट्ट्या.

अण्णा माती ओतत होता आणि मी भरून देत होतो. चाळिसावी बुट्टी पडली तरी खड्डा वीतभर बाकी होता. अण्णा आत उतरला आणि पायानं माती दाबू लागला, माग चालवताना पावड्या दाबायचा तसं, आधी डावा पाय, मग उजवा. वहिनी दारात उभी होती, ती आत गेली.

"किती झाल्या?" त्यानं विचारलं.

"एक्कावन्न."

"तुझा हिशेब चुकला म्हण की." तो हसून म्हणाला. निपाणीनंतर पहिल्यांदाच.

"मोकळी माती बसते. ते धरलं नव्हतं."

"बावन्नावी आण."

मी आणली. जमीन सारखी झाली. अण्णा बाहेर आला, पाय झटकले आणि जागेकडे न बघता हात धुवायला गेला. शेडमध्ये त्याची सुट्टी आठवड्याच्या एका वाराला असते. अमावास्येला तो यंत्रावर असतो. सुताचं दुकान अजून त्या दिवशी बंद असतं, जुन्या सवयीनं, जरी त्यासाठी बंद ठेवावं असे विणकर आता शहापुरात बोटांवर मोजण्याइतके आहेत. मी घरी बसतो.